मास्तरांचा पाय

आमच्या घरात एक डॉक्टर आहे आणि ती कुणाची नाडी बघत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण शेजारच्या बाईंनी परवाच आपल्या पाठदुखीचे सगळे रिपोर्ट आणून तिच्यापुढे पसरले होते. बिचारीनं ते मनापासून वाचले आणि "पाठ दुखायला लागल्यापासून घरातले तुमच्याशी कसे वागतात?" असं विचारलं. बाई तासभर बोलत होत्या. जाताना म्हणाल्या, "असा डॉक्टर पाहिला नाही बाई, गोळीसुद्धा दिली नाही आणि बरं वाटलं."

ही डॉक्टर म्हणजे माझी सून. मानववंशशास्त्रातली पीएच.डी. लग्न होऊन आली तेव्हा तिची नोंदणी झालेली होती आणि विषय ठरायचा होता. माणसं कशी जगतात, एकमेकांना काय आणि कसं शिकवतात, हे त्यांच्यातच जाऊन बसायचं, बघायचं आणि लिहायचं, असं ते शास्त्र आहे म्हणे. मी म्हटलं, "एवढंच? मग आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायका केव्हाच डॉक्टर झाल्यात." ती हसली. तिला राग येतच नाही. मी नाकावर माशी बसू देत नाही, त्यामुळे सुरुवातीला मला या गोष्टीचाच राग यायचा.

आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. खाली ऑफिस, वर घर. ऑफिसात मी बसते. फोन घेणं, वेळा ठरवून देणं आणि शिकवणी संपवून रडवेल्या चेहऱ्यानं आलेल्या माणसाला पाणी देऊन पुन्हा उद्याची वेळ देणं, हे माझं काम. शिकवतात ते आमचे हे. सगळं गाव यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मास्तरांच्या तोंडाचा पट्टा प्रसिद्ध आहे. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर ते बसतात, त्यांच्या पायांशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक असतो, आणि बाकी सगळं काम ते जिभेनं करतात.

सुनेला विषय घरातच सापडला. मोठी झालेली, आपापल्या जागी साहेब असलेली माणसं गाडी शिकताना पुन्हा लहान होतात, त्यांना शिकवणारा त्यांच्याशी कसा वागतो आणि त्यातून ती काय शिकतात, असा काहीतरी. तिच्या गाइडबाईंना विषय फार आवडला. ठरलं की ती रोज मागच्या सीटवर बसणार, बघणार आणि टिपणं काढणार.

आणि इथे आम्ही घोळ घातला.

मास्तरांनी आदल्या दिवशी मला आणि मुलाला बोलावून घेतलं. चेहरा असा की जणू घरात वऱ्हाड यायचंय. म्हणाले, "हे बघा, पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. उद्या हे सगळं पुस्तकात जाणार. आपली शोभा होता कामा नये." मुलगा औषधांच्या कंपनीत, दिवसभर घराबाहेर, त्याचा काय संबंध? तरी त्यानं मान हलवली. मीही हलवली. मला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून गाडीत बसले. "अहो, क्लच जरा सावकाश सोडता का? हां, छान, छान." एक कापडाचा व्यापारी आमच्याकडे शिकत होता. अंगानं भरभक्कम, गाडी मात्र अशी चालवायचा की गाडीलाच भीती वाटावी. त्याला मास्तर पूर्वी काय काय म्हणायचे ते मी इथे लिहिणार नाही. आता त्याला म्हणू लागले, "वा, आज खांबापासून बरंच लांब राहिलात." मीसुद्धा कमी नव्हते. काउंटरवर फुलदाणी आणून ठेवली. फोनवर "थांबा हो जरा!" असं खेकसायची सवय होती, ती सोडून "एक मिनिट हं" म्हणायला लागले. माझा आवाज ऐकून लोक राँग नंबर म्हणून फोन ठेवायचे.

जवळजवळ वर्षभर आम्ही असं गोड वागलो. जीव नकोसा झाला होता. पण सुनेसाठी म्हणून सगळं सोसलं, आणि मनात म्हटलं, हिच्या प्रबंधात आपल्या घराचं किती चांगलं नाव होईल.

मग तिच्या कामाची तपासणी झाली. वर्षातून एकदा समितीपुढे उभं राहून सांगायचं असतं की काय काय झालं. ती घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. चप्पल काढली, हात धुतले आणि माझ्या शेजारी भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, "गाइडबाई म्हणाल्या, हे संशोधन नाही, हे सत्काराचं भाषण आहे. समितीनं एक शेवटची संधी दिलीय. पुढच्या वेळीही असंच झालं तर नोंदणी रद्द."

मी निवडलेली भाजी बाजूला सारली.

"आई," ती म्हणाली, "बाबा नेहमी असेच शिकवतात?"

"असे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "अगं, यांच्या तोंडाला घाबरून एकदा एक पैलवान सिग्नलवर गाडी सोडून चालत घरी गेला होता!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मला कळलं की आपण काय केलं. मी जिन्यातूनच हाक मारली, मास्तर वर आले, आणि मी सगळं सांगून टाकलं. इस्त्री, अत्तर, फुलदाणी, सगळं.

मास्तर म्हणाले, "अगं पण मी तुझ्यासाठीच तर..."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही माझं वर्ष घालवलंत."

आवाज चढवून नाही. शांतपणे. पण लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच असं बोलली, आणि मास्तर ओट्याला टेकून उभे होते ते तसेच खाली बसले. मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला. सासऱ्याला असं बोलणारी सून आमच्या घराण्यात झाली नव्हती, मीसुद्धा नाही.

थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "मग उद्यापासून?"

"उद्यापासून तुम्ही आहात तसे."

"शिव्यांसकट?"

"शिव्यांसकट."

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू गेला. दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. ज्याच्यावर तो आवाज निघाला तो कापडवाला शिकवणी संपवून हसत हसत ऑफिसात आला आणि म्हणाला, "मास्तरांची तब्येत सुधारली वाटतं! मी काळजीतच होतो हो." मी फुलदाणी उचलून वर नेली.

त्यानंतर कितीतरी महिने ती रोज मागच्या सीटवर बसली. उन्हात, दुपारी, चढावर, बाजारात. गाडी बंद पडायची, मागून हॉर्न वाजायचे, पुढे मास्तर बरसत असायचे, आणि ही आपली लिहितेय. घरी आल्यावर पाठ धरून बसायची. मी म्हणायची, "लोक फॉरेनला जाऊन जंगलात राहून पीएच.डी. करतात, आणि तू आमच्या खटारा गाडीत!" ती म्हणायची, "जंगलात एवढे हॉर्न नसतील, आई."

एक दिवस ती ऑफिसात आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. डोळे असे चमकत होते की मला वाटलं, काही गोड बातमी आहे.

"आई, मागच्या सीटवरून बाबांचा चेहरा दिसत नाही. गुडघा दिसतो."

"मग?"

"पुरुष शिकत असला की बाबा ओरडतात, पण गुडघा हलत नाही. पाय चटईवरच. अगदी धडक बसणार असं वाटेपर्यंत ते त्याला स्वतःचा ब्रेक शोधू देतात. बाई शिकत असली की बाबा ओरडत नाहीत. पण गुडघा आधीच उचललेला असतो. तिला कळायच्या आत त्यांच्या ब्रेकवर पाय पडतो. गाडी थांबते. तिला वाटतं, मी थांबवली. आणि टेस्टच्या दिवशी शेजारी बाबा नसतात."

मी वेळांची वही मिटली.

"आणि आई, ते वाया गेलेलं वर्ष! मी जुनी टिपणं काढून बघितली. मला दाखवायला म्हणून बाबा पुरुषांशीही गोड बोलत होते ना, तेव्हा त्यांच्याही बाबतीत गुडघा वर यायचा. तोंड बंद ठेवलं की पाय चालतो. म्हणून तर कापडवाले काका वर्षभर तिथल्या तिथेच राहिले. बायकांना जमत नाही असं जे लोक म्हणतात ना, ते बायकांचं नाहीच मुळी. ते पायाचं आहे."

आम्ही केलेल्या घोळातून या मुलीनं प्रबंध काढला! माझा ऊर भरून आला. मी तिला म्हटलं, "आधी जेवून घे." पुढच्या तपासणीला समितीनं तिला टाळ्या वाजवून पाठवलं, हे तिनं नाही, गाइडबाईंनी फोन करून सांगितलं.

पण खरी परीक्षा घरातच होती. त्यांच्या शास्त्राचे नियम कडक असतात. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचं नाव बदलायचं, त्याची ओळख कुणाला सांगायची नाही, आणि लिहिलेलं त्याला वाचायला द्यायचं. तो नको म्हणाला तर काढून टाकायचं. मास्तरांना तिनं जे टोपणनाव दिलं होतं ते नेमकं यांच्या एका चुलतभावाचं निघालं, ज्याच्याशी यांचं कधीच पटलं नाही. त्यावरून मुलानं बापाची भरपूर चेष्टा केली. मास्तरही हसले. मग पायाबद्दलचं ते प्रकरण वाचायला बसले, आणि हसणं थांबलं.

वाचून झाल्यावर ते उठले, गाडीची किल्ली घेतली आणि एकटेच निघून गेले. परत आले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. पानावर मूग गिळून बसले.

सून म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी ते काढीन."

ते काढलं तर प्रबंधात काही उरत नाही, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मास्तरांनाही माहीत होतं. मास्तर म्हणाले, "भात वाढ."

मला दोघांचाही राग आला. आयुष्यभर लोकांना शहाणपण शिकवलेला माणूस, आणि एवढ्याशा गोष्टीवर फुगून बसलाय. आणि ही! हातातोंडाशी आलेली पदवी ताटात घालून सासऱ्यापुढे सरकवतेय. दुसऱ्या दिवशी ते प्रकरण मी स्वतः वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. काय वाटलं ते मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

तो आठवडा घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. मग एका दुपारी मास्तर शिकवणीवरून आले ते थेट सुनेसमोर जाऊन उभे राहिले. दवाखान्यातली एक नर्स नुकतीच शिकायला लागली होती, तिच्याबरोबर जाऊन आले होते.

"आज मी ठरवून बसलो होतो," ते म्हणाले. "काय वाट्टेल ते होवो, पाय उचलायचा नाही. तरी उचलला गेला. दर वेळी. पाय माझा, आणि माझंच ऐकत नाही."

सून उभीच राहिली.

"तू लिहिलंयस ते खरं आहे. राहू दे ते. माझ्याकडे इतकं निरखून आजवर कुणी बघितलंय? तुझ्या सासूनंसुद्धा नाही."

"बघण्यासारखं काय होतं?" मी म्हटलं, आणि आत जाऊन डोळे पुसले.

शेवटची तोंडी परीक्षा जाहीर असते. विद्यापीठाचा एक छोटा हॉल, पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे विद्यार्थी. गाइडबाईंनी आम्हाला दारातच बजावलं होतं, "कौतुकानं या, पण काही बोलू नका. मास्तर कोण हे कुणाला कळता कामा नये." मास्तरांनी कानाला हात लावून कबूल केलं. मुलानं रजा काढली होती. तो माझ्या एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला.

परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले, किडकिडीत, आवाज बारीक आणि धारदार. काय प्रश्न विचारले त्यांनी! निम्मे मला कळले नाहीत. पण तिची उत्तरं मला कळत होती, कारण ती पुस्तकातलं सांगत नव्हती. तिनं पाहिलेलं सांगत होती. चढावर अडकलेल्या बाईची मान कशी आखडते, ब्रेक आपण मारला नाही हे कळल्यावर तिचा चेहरा कसा होतो. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. एवढ्या माणसांपुढे आमची ती हळू बोलणारी पोरगी ताठ उभी होती, आणि मला शेजारच्या अनोळखी बाईला कोपरानं ढोसून सांगावंसं वाटत होतं की ती माझी आहे.

मग परीक्षकांनी प्रबंध मिटला.

"एक गोष्ट मला पटत नाही. हे तुमचे मास्तर. यांचं पोट या धंद्यावर, आणि त्यांच्याच चुकीवर तुमचं अख्खं प्रकरण. तुम्ही म्हणता, त्यांनी ते वाचलं आणि राहू दे म्हणाले. असं कोण म्हणेल? एक तर हा माणूस तुम्ही कल्पनेनं रचलाय, नाहीतर वाचलेलं त्याला कळलेलं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी हे प्रकरण मी मान्य करू शकत नाही."

"माणूस खरा आहे, सर. आणि त्यांना कळलंय."

"कोण आहेत ते?"

"ते मी सांगणार नाही."

"मग मी विश्वास कशावर ठेवू?"

"मी त्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली. "तो मोडून पदवी मिळणार असेल तर मला नको."

गाइडबाईंचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की तो करकरला. त्यांनी कबूल केलं होतं म्हणून ते तोंड उघडणार नाहीत, हे मला दिसत होतं. पण मी कुणाला काहीच कबूल केलं नव्हतं. मी उभी राहिले.

"साहेब, मला प्रश्न विचारायचा नाही. सांगायचंय."

गाइडबाईंनी कपाळाला हात लावला.

"मास्तर खरा आहे. हा काय, इथे बसलाय. माझा नवरा आहे. आणि ही आमची सून. तिनं शब्द पाळला, मी मोडला, माझी काय ती शिक्षा मला करा. पण तिनं जे लिहिलंय त्याची साक्ष द्यायला माझ्याइतकं लायक या हॉलमध्ये दुसरं कुणी नाही. यांनी पहिली गाडी घेतली तेव्हा शिकायला पहिली बसले ती मी. महिनोन्‌महिने शिकले. हे माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. सगळ्या मैत्रिणींना मी सांगायची, किती समजूतदार नवरा मिळालाय. आणि मला आजपर्यंत गाडी येत नाही. इतकी वर्षं मी समजत होते की माझंच डोकं कमी पडलं. ते तसं नव्हतं, हे मला या मुलीचं लिहिलेलं वाचून कळलं."



मग शेजारची खुर्ची सरकली. मास्तर उभे राहिले. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढंसुद्धा त्यांना बोलता येईना.

"मला वाटायचं, हिलाच आवड नाही," ते म्हणाले. माझ्याकडे बघून, परीक्षकांकडे नाही. मग घसा खाकरून त्यांच्याकडे वळले. "वाचलंय मी, साहेब. सगळं कळलंय. त्यातला एक शब्द कमी करायचा नाही."

परीक्षक काही बोलायच्या आत समोरून सुनेचाच आवाज आला.

"आई! हे मला आधी का नाही सांगितलंत? एवढी महत्त्वाची माहिती!"

ती खरोखर वैतागली होती. मी तिला वैतागलेली पहिल्यांदाच बघत होते. आधी मागचे विद्यार्थी हसले, मग गाइडबाई, आणि शेवटी तो किडकिडीत माणूसही असा हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. पुन्हा डोळ्यांवर चढवून तो म्हणाला, "माझे प्रश्न संपले. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. या बाईंची परवानगी असेल तर त्यांनी सांगितलेलं एका तळटीपेत घाला." आणि मग त्यानं तिच्या नावाआधी डॉक्टर लावून तिला हाक मारली. मुलगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मास्तर टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या थांबल्या तरी वाजवत होते.

तळटीप घालायच्या आधी तिनं नियमाप्रमाणे मला वाचायला दिली. मी म्हटलं, माझं खरं नावच घाल. एक वाक्य तिनं मला न विचारता शेवटी जोडलं होतं, तेही मी राहू दिलं. प्रबंध बांधून आला तेव्हा मास्तरांनी त्याची एक प्रत ऑफिसच्या काउंटरवर आणून ठेवली. शिकायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते सांगतात, "आमच्या सुनेनं लिहिलंय, डॉक्टर आहे ती." मग चष्मा लावून, पानं उलटून, आपलं प्रकरण सोडून खालची ती तळटीपच त्याच्यापुढे धरतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात: "सदर विद्यार्थिनीने पुन्हा शिकायला सुरुवात केली आहे. मास्तर ओरडतात."